गोदारच्या वाटेवर: आधी धरण, मग तळं

फ्रेंच-स्विस चित्रपट दिग्दर्शक झाँ-लुक गोदारसाठी स्वित्झर्लंडला जाणारे बहुतेक जण थेट त्याच्या रोल गावी जातात. माझं सांगणं एवढंच, की आधी ग्रांद दीक्सांस धरणावर जा.

लोझानहून सिओंपर्यंत रेल्वेने साधारण तासभर. पुढे पिवळी पोस्टबस एरेमांसच्या दरीतून वळणं घेत चढते, तिलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. खाली उतरलं की समोर करडी भिंत, २८५ मीटर उंच. आपलं कोयना धरण १०३ मीटरचं, यावरून अंदाज करा. मी भिंतीला तळहात लावला. भर जुलैतही ती गारठलेली होती, आणि सिमेंटमधले खडे बोटांना लागत होते.

गोदारचा बाप डॉक्टर, आजोबा पॅरिसचे बडे बँकर, आणि हा पोरगा या धरणाच्या बांधकामावर मजुरीला आला! पुढे त्याला टेलिफोनवरचं काम मिळालं. १९५४ साली त्याने याच बांधकामावर आपला पहिला लघुपट केला, ‘ऑपेरास्याँ बेताँ’. वीसेक मिनिटांच्या या लघुपटाचं निवेदनही त्याच्याच आवाजात आहे. धरणाच्या कंपनीने तो विकत घेतला. निघण्याआधी तो नक्की बघा. पडद्यावर अर्धवट दिसणारी भिंत आपण पुरी झालेली बघतो, तेव्हा अंगावर काटा येतो. ती पुरी व्हायला १९६१ उजाडलं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘ब्रेथलेस’ येऊन गोदारचं नाव जगभर झालं होतं.

माथ्यावर न्यायला केबल कार आहे, पण ती आणि बस दोन्ही उन्हाळ्यातच चालतात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. मी ती बघितली नाही आणि वरून धावत खाली यावं लागलं. माथा २,३६५ मीटरवर आहे, वारा बोचरा असतो. स्वेटर, कानटोपी आणि डबा सोबत असू द्या.

रोलसाठी दुसरा दिवस ठेवा. लोझानहून लोकल गाडीने वीसेक मिनिटं. गोदारचं बालपण जवळच्याच नियोंमध्ये गेलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जोडीदार आन-मारी मिएव्हिलसोबत तो रोलला येऊन राहिला, तो कायमचाच. २०१० मध्ये मानद ऑस्कर मिळालं, तेव्हाही तो घ्यायला गेला नाही. १३ सप्टेंबर २०२२ ला, ९१ व्या वर्षी, कायद्याने मुभा असलेलं इच्छामरण त्याने इथेच स्वीकारलं.

त्याचं घर शोधत गल्लीबोळ फिरू नका. छोटं गाव आहे, लोकांना त्रास होतो. किल्ल्याजवळ जिनिव्हा तळ्याकाठी बसा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी शिशासारखं झालं, मग पलीकडचे फ्रान्सचे डोंगर पुसट होत गेले. त्याच्या उत्तरायुष्यातल्या चित्रपटांत हेच पाणी आणि हाच उजेड पुन्हा पुन्हा दिसतो. शेवटची बोट धक्क्याला लागेपर्यंत मी तिथून हललो नाही.