बाहुलीची खुर्ची

दुसऱ्या अंकाची टेक्निकल तालीम चालू होती आणि बाहुली हलली. हलायला नको होती.

‘कोपेलिया’ हा बॅले 1870 साली पॅरिस ऑपेरात पहिल्यांदा झाला. संगीत लिओ डेलिबचं. त्याच्या दुसऱ्या अंकाचा सगळा डोलारा एका खुर्चीवर आहे. बाहुल्या बनवणारा म्हातारा कोपेलियस लाडकी बाहुली पडद्याआडून खुर्चीसकट बाहेर आणतो. खुर्चीत असते बाहुलीचे कपडे घातलेली स्वानिल्डा, गावातली मुलगी. हे प्रेक्षकांना ठाऊक असतं, त्याला नसतं. मग तो झोपेच्या औषधाने पाडलेल्या फ्रांझचं, म्हणजे स्वानिल्डाच्या प्रियकराचं, चैतन्य मंत्राने काढून बाहुलीत घालतो, आणि तिची पापणी लवते. त्या पापणीला हशा हवा असेल तर तोवर बाहुली ठार लाकूड हवी.

तालमीच्या हॉलमध्ये खुर्ची लोण्यासारखी चालत होती. पण तिथली जमीन सपाट. दौऱ्यावरचं हे इंग्लंडातलं जुनं थिएटर. इथला रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता, 24 फुटांना 1 फूट. खुर्ची पुढे आली ती नीट. कोपेलियसने मागे ढकलली मात्र, पुढची दोन्ही फिरती चाकं गर्रकन उलटी वळली आणि खुर्ची तीन-चार इंच बाजूला उडाली. स्वानिल्डाची मान आपसूक सावरली. खेळ खलास. मी स्टेज मॅनेजर; रंगमंचाच्या कडेच्या माझ्या कॉर्नरमधून तालीम थांबवली.

फिरत्या चाकाचा हा गुणच आहे: दिशा उलटली की ते आधी स्वतः वळतं आणि वळताना वजन बाजूला फेकतं. उतारावर जास्तच. आमच्या खुर्चीला सरळ पुढे-मागेच जायचं होतं, म्हणून सुताराने चारही चाकं न वळणारी बसवली, रबरी. आता ती उतारावरून वाद्यवृंदाच्या खड्ड्याकडे निघाली असती, तेव्हा मागे पायाने दाबायचा ब्रेक लावला. ब्रेक लपतो कोपेलियसच्या लांब कोटाआड. दाबताना तो वाकून बाहुलीचा स्क्रू तपासतो. नटाला हे आयतंच मिळालं. झग्याची किनार चाकाखाली जात होती, तिथे प्लायची पट्टी ठोकली.

पुन्हा सुरुवात. कोपेलियस फ्रांझला दारू पाजतो तेवढ्यात कोनाड्यात, निळ्या टॉर्चच्या उजेडात, स्वानिल्डाचा झगा बदलतो. हूक आणि टिचबटणंच; वेल्क्रोचा फर्रकन आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. टाचणी तर नाहीच.

या वेळी मान हलली नाही. पापणी लवली आणि अंधाऱ्या प्रेक्षागृहातले दिवेवाले हसले. ते सगळं पाठ असूनही हसले, म्हणजे जमलं.

मग अंकाचा शेवट. कोपेलियस पडदा ओढतो आणि त्याला आपली खरी बाहुली दिसते, कपडे उतरवलेली. जुन्या पद्धतीत इथे म्हाताऱ्याची टर उडवतात. आमच्या दिग्दर्शिकेला ती नको होती, तिला शांतता हवी होती. माझ्या मते तिचं बरोबर होतं. आजचा प्रेक्षक एकट्या म्हाताऱ्याला हसत नाही, अवघडतो.

पडदा ओढला. आत बाहुली बसली होती, नटूनथटून, झग्यासकट.

झगे दोन असतात, हुबेहूब. एक स्वानिल्डाला चढवायचा आणि त्याच वेळी दुसरा बाहुलीचा उतरवायचा. चाकांच्या गडबडीत दोघी ड्रेसर, कपडे बदलायला मदत करणाऱ्या, स्वानिल्डालाच सजवत बसल्या होत्या. मी वहीत, दारूच्या पेल्याच्या क्यूखाली (इशाऱ्याच्या नोंदीखाली), लाल पेनाने लिहिलं: ‘बाहुली उघडी? होकार घे.’ तो होकार हेडसेटवर आल्याशिवाय खुर्ची बाहेर सोडत नाही.