माझा आदर्श : एकेचाळीस वह्या

१७ सप्टेंबर, रात्री साडेदहा

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी पावसाच्या भुरभुरीतच शाळेत ध्वजवंदन झाले, सातवी-आठवीच्या मुलांची भाषणे झाली, आणि सालाबादप्रमाणे सर्वांनी हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईचे १९४८ सालचे तेच ते पाच दिवस, म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर, पाठ केलेल्या शब्दांत सांगितले. देश स्वतंत्र झाल्यावर आपल्याला आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यात काढावे लागले, हे वाक्य म्हणताना प्रत्येक मुलाचा आवाज नेमका त्याच जागी चढत होता. भाषणे संपल्यावर बुंदीचे वाटप झाले आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळपासून नववीच्या निबंधाच्या वह्या तपासत बसले आहे. विषय मीच दिलेला : माझा आदर्श. एकेचाळीस वह्यांपैकी तेवीस वह्यांत निबंधाची सुरुवात एकाच वाक्याने झाली आहे. ते वाक्य बाजारातल्या गाईडातले आहे, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. एका मुलाने तर निबंधाच्या मध्यावर ‘पृष्ठ ४७ पाहा’ हेसुद्धा इमानदारीने उतरवले आहे. प्रथम हसू आले, मग राग आला, आणि नंतर वाटले की सकाळी ज्या भाषणांना आपण टाळ्या वाजवल्या ती तरी याहून वेगळी कोठे होती? थोरांविषयी बोलायचे म्हणजे कोणीतरी आधी बोलून ठेवलेलेच बोलायचे, असा शिरस्ता आपणच घालून दिला आहे.

या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यावर नऊ जणांनी लिहिले आहे. नऊही निबंधांत ते सेनानी आहेत, झुंजार आहेत, तेजस्वी आहेत. पण ते शिक्षक होते, हे एकाही निबंधात नाही. ज्या गावात ही मुले राहतात त्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, ते १९३५ च्या सुमारास योगेश्वरीच्या शाळेत शिकवायला आले, आणि त्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते, ही गोष्ट मुलांच्या पायाखालची आहे आणि तरीही त्यांना ती ठाऊक नाही. मला स्वतःला त्यांचा तुरुंगवास जितका थोर वाटतो, तितकीच शाळेतली ती वर्षे थोर वाटतात. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, सभा घ्यायची तर परवानगी लागत असे, आणि अशा काळात मराठी माध्यमाची शाळा चालवायची म्हणजे रोज सकाळी फळा पुसून पुन्हा तेच अक्षर गिरवून घ्यायचे. त्यात टाळ्या मिळण्यासारखे काहीच नाही. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली आणि स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्यामागे जी तरुण पोरे गेली, त्यांतली कितीतरी अशा शाळांच्या बाकांवर बसून आलेली होती.

गोविंदभाई श्रॉफांवर कोणीच लिहिलेले नाही. कदाचित गाईडात नसतील. गणितात उच्च शिक्षण घेतलेला हा माणूस संस्थानाशी लढला हे खरे. पण मला त्यांचे नंतरचे दिवस जास्त शिकवतात. स्वातंत्र्य मिळाल्यावर पुढची अनेक दशके ते सरस्वती भुवनसारखी शिक्षणसंस्था सांभाळत राहिले, मराठवाड्याला रुंद रुळांची रेल्वे हवी म्हणून भांडत राहिले, विकासाच्या अनुशेषाचे आकडे मांडत राहिले. २००२ साली ते गेले, तोवर हे चालूच होते. लढाई संपल्यावर कागदपत्रे घेऊन सरकारी कचेऱ्यांकडे पाठपुरावा करीत राहणे याचा पोवाडा होत नाही, त्यामुळे तो निबंधातही येत नाही.

असो. मी कोणावर लिहिले असते, हा प्रश्न वह्या तपासता तपासता मलाच पडला आणि लाल पेन बाजूला ठेवून मी ही रोजनिशी उघडली.

पहिले नाव आजीचेच आले असते. केज तालुक्यातल्या आमच्या गावात १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा चाळिशीतली आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. माझा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे मला ठाऊक आहे तो तिच्या तोंडून ऐकलेला दुष्काळ. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, तिची हातावर फुटणारी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, आणि हातोडीखाली सापडून कायमचा काळा पडलेला डाव्या अंगठ्याचा नखोडा. तो नखोडा मी लहानपणी तासन् तास निरखत असे. त्याच कामांमधून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली राज्यात झाला आणि २००५ साली तसाच कायदा देशभरासाठी आला, हे मी डी.एड.ला असताना आणि त्यानंतर वाचले, या योजनेचे जनक वि. स. पाग्यांचे नावही तेव्हाच कळले. आजीला यातले काही माहीत नव्हते. तिला पाणी माहीत होते.

पाण्याचा हिशेब तिच्या बोटांत होता. भाजी धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पहिले पाणी म्हशीच्या आंबोणात, अंघोळीचे पाणी परसातल्या आळूला. माझ्या हातून एकदा तांब्याभर पाणी अंगणात सांडले, तर ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, “कामून सांडायलीस गं माय?” आणि ओल्या मातीवर लगेच एक वाल टोचून दिला. तो वेल पुढे कुडावर चढला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात मांजरा धरणाने तळ गाठला होता आणि त्याच धरणावर अवलंबून असलेल्या आमच्या गावातही नळाची वाट पाहता पाहता लोक टेकीला आले होते. शेजारणी मला विचारत, तुमच्याकडे पाणी पुरते कसे? मी त्यांना आजीची रीत सांगत असे आणि सांगताना मला फार अभिमान वाटे.

पण आजीची दुसरी बाजू मी कोणाला सांगत नसे, कारण बरीच वर्षे मला ती बाजू दुसरी वाटतच नव्हती. खडीच्या कामाच्या हजेरीपटावर नाव आजीचे होते आणि पगार मात्र चुलतसासरे उचलत. तिच्या हातात काय आणि किती पडले, हे तिने कधी विचारले नाही. पुढे विहिरीकडचा वाटा वाटणीत दुसऱ्यांकडे गेला, तेव्हाही ती बोलली नाही. आमच्या घरात ही गोष्ट तिची सहनशीलता म्हणून सांगितली जाई. बायका मान डोलावत आणि माझ्याकडे पाहून म्हणत, हिच्यावर आजीचा गुण उतरलाय.

तो खरोखरच उतरला होता. माझी पहिली नोकरी ज्या विनाअनुदानित तुकडीवर होती, तेथे सही एका रकमेवर घेत आणि हातात दुसरीच रक्कम ठेवत. आम्ही चौघेजण होतो, चौघांनाही हे कळत होते, आणि मी सहा वर्षे खाली मान घालून सही करीत राहिले. आपण आजीसारखे वागतो आहोत, सोसतो आहोत, हे समाधानही त्यात मिसळलेले होते. आता ते आठवले की लाज वाटते. ज्या माणसावर आपला जीव असतो त्याच्याकडून आपण निवडून काही घेत नाही. चांगले पाणी आणि गाळ एकाच घागरीतून येतो. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या बाईने स्वतःच्या मजुरीचा रुपया मोजला नाही, हे माझ्या लक्षात यायला मला माझीच मजुरी बुडावी लागली.

त्या मौनातून मला बाहेर काढले ते आमच्या हायस्कूलच्या गणिताच्या सरांनी, आणि तेही वर्गातून नव्हे, आठवणीतून. सर फार विद्वान नव्हते. दहावीत एका मुलीने भूमितीची एक अडचण विचारली, तेव्हा ते फळ्यासमोर मिनिटभर उभे राहिले, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “मला हे आत्ता येत नाही. उद्या सांगतो.” वर्गात हशा पिकला. त्या काळी गुरुजींना येत नाही हे गुरुजींनीच म्हणणे म्हणजे नवलच होते. दुसऱ्या दिवशी सर आले, हजेरीही न घेता त्यांनी ते उदाहरण सोडवले, आणि आपण काल कोठे चुकत होतो तेही दाखवले. पुढे एकदा साहेबांच्या तपासणीत साहेबांनी फळ्यावर चुकीचे सूत्र लिहिले, तेव्हा तितक्याच सहजपणे “साहेब, येथे वजा आहे” असे म्हणणारेही तेच. स्वतःची चूक भर वर्गात सांगता येणाऱ्या माणसालाच दुसऱ्याची चूक न चिडता सांगता येते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. सहाव्या वर्षी मार्च महिन्यात मी सहीच्या कागदावर बोट ठेवले आणि सरांच्याच आवाजात विचारले, की या आकड्यात आणि या पाकिटात फरक आहे, तो कसा? उत्तर मिळाले नाही. जूनमध्ये माझी तुकडी बंद झाल्याचे मला कळवण्यात आले. पुढे जिल्हा परिषदेत निवड होईपर्यंतची दीड वर्षे शिकवण्या घेऊन काढली. त्या दिवसांत नरहर कुरुंदकरांची आठवण मी स्वतःला मुद्दाम करून देत असे : कुरुंद्याचा हा मुलगा इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, साऱ्या महाराष्ट्राला विचार करायला लावणारा झाला. १९८२ साली ते गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. मी काही कुरुंदकर नव्हते. पण नापास होण्याची भीती त्यांच्यामुळे थोडी कमी झाली, एवढे खरे.

पुष्कळ लिहून झाले. अजून सोळा वह्या उरल्या आहेत.

१८ सप्टेंबर, पहाटे

त्या सोळांतल्या एका वहीने झोप घालवली. मागच्या बाकावर बसणारी मुलगी आहे. तिचे आईवडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि चैत्रापर्यंत परत येत नाहीत. ती आणि तिची दोन भावंडे म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. तिने आईवर लिहिले आहे. निबंध दीड पानाचा, ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आनंदच, विरामचिन्हे जवळजवळ नाहीतच. पण त्यात असे आहे, की मुकादमाकडून घेतलेली उचल दर वर्षी फिटायची राहते, म्हणून आईने दोन वर्षांपूर्वी पोरांच्या जुन्या वहीतले कोरे कागद काढून त्यांची एक वही शिवली. ती रोज किती टन ऊस गेला तो आकडा त्यात लिहिते. आईला वाचता फारसे येत नाही, पण आकडे येतात. आणि हंगाम संपल्यावर हिशेबाच्या दिवशी मुकादमाने त्याची वही उघडली, की आई आपलीही वही उघडते. “कोयता दोघांचा आसतो मनून हिसोब बी दोघांचा पायजे आसं आई मनती,” असे शेवटचे वाक्य आहे. पुढे काहीच नाही, समारोप नाही, सुविचार नाही.

मी ते वाक्य कितीदा वाचले कोण जाणे. खडीच्या कामावरची माझी आजी आणि ही बाई यांच्यामध्ये पन्नास वर्षे आहेत आणि अंतर पन्नास कोसांचेही नाही. आजीजवळ अशी शिवलेली वही असती तर, हा विचार मनातून जाईना.

गुण द्यायचे म्हणजे पंचाईत. शुद्धलेखनाचे गुण कापले नाहीत तर बाकीच्यांवर अन्याय होतो, आणि गाईडवाल्या तेवीस जणांना त्यांच्या निर्दोष वाक्यांबद्दल सात-सात गुण मी रात्रीच देऊन बसले आहे. शेवटी तिच्या वहीत चुका दुरुस्त केल्या, प्रत्येक दुरुस्तीसमोर योग्य रूप नीट लिहून दिले, आणि दहापैकी नऊ लिहिले. मग तेवीस वह्या पुन्हा उघडून साताचे चार केले. खाडाखोड वाईट दिसते, पण दिसू दे.

१९ सप्टेंबर

वह्या परत दिल्या. साताचे चार झालेल्यांनी मागचा तास कुरकुरीत घालवला. मी त्यांना स्वतःच्या निबंधाची गोष्ट सांगितली, म्हणजे आजीची, पाण्याची, हजेरीपटाची आणि सरांच्या “उद्या सांगतो”चीही. माझ्या पाकिटाची गोष्ट सांगावी की नाही याचा विचार केला आणि तीही सांगितली. त्या मुलीचे नाव घेतले नाही, तिची वही वर्गात वाचली नाही. ती घरी गेल्यावर आईला वाचून दाखवणार आहे, असे ती मधल्या सुट्टीत स्वतःहून येऊन म्हणाली.

वर्ग बराच वेळ शांत होता. मग ‘पृष्ठ ४७’वाल्या पठ्ठ्याने हात वर केला आणि अतिशय गंभीरपणे विचारले, “मॅडम, आसं घरचं लिवलं तर बोर्डात मार्क पडत्याल का?”

मी म्हटले, “मला आत्ता नक्की सांगता येत नाही. उद्या विचारून सांगते.” बोर्डाचे पेपर तपासणारे एक शिक्षक ओळखीचे आहेत, जेवणे झाली की त्यांना फोन करायचा आहे.