महिला सभा बाजाराच्या दिवशी ठेवली

आमच्या गावात महिला सभा व्हायची ती वहीतच. शिपाई दारोदार फिरायचा, बायका हातातलं काम टाकून सही नाहीतर अंगठा द्यायच्या. बचत गटाचं काम करताना मीही अशा सह्या गोळा करून दिल्यात, त्याचं आज वाईट वाटतं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, हे मला प्रशिक्षणात कळलं. मी भाऊसाहेबांकडे गेले (ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेबच म्हणतो). "ताई, सभा लावतो, पण बायका येत नाहीत," ते म्हणाले.

खरंच होतं. जानेवारीत सकाळी दहाला सगळ्या कांदालावणीला. रोज बुडवून कोण येईल? दवंडी गावठाणातच फिरायची, वस्तीपर्यंत पोचायचीच नाही. त्यात सभा देवळाच्या मंडपात. वस्तीवरच्या बायका पायरीपाशीच थांबायच्या. का, ते गावाला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

आम्ही चौघी घरोघर जाऊन विचारत गेलो, "तुम्हाला कधी जमेल?" बहुतेक जणी म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी मजुरी बंद असते. मग दुपारी दोनची वेळ ठरली, वस्तीवरच्या अंगणवाडीत. पोरं मदतनीसताईंनी सांभाळली.

साठेक जणी आल्या. सुरुवातीला सरपंचताईंचे मालकच बोलत राहिले. "दादा, ही बायकांची सभा आहे," म्हणताना माझा आवाज कापत होता. ते उठून गेले. तरी बराच वेळ कुणी तोंड उघडेना. शेवटी एक आजी म्हणाल्या, "गावाची कमान नंतर बांधा. आमच्या नळाला रात्री अकराला पाणी येतं, सुना जागत बसतात." मग एकेक बोलायला लागली.

भाऊसाहेबांनी लिहिलं, 'पाणीप्रश्नावर चर्चा झाली.' मी म्हटलं, लिहिलेलं मोठ्यानं वाचा. वाचल्याबरोबर आजींनी अडवलं, "अकरा वाजता म्हणले मी, ते कुठंय?" त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. अक्षर न येणाऱ्या बाईला तिचं म्हणणं वहीत तपासता आलं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. गणपूर्ती नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ती अट नसते. आमच्याकडे मोजक्या माणसांत ठराव व्हायचे ते असेच. २६ जानेवारीला आम्ही सगळ्या गेलो. पाइपलाइन ग्रामपंचायतीच्या कामांच्या आराखड्यात धरली, कमान मागे पडली. खोदकाम अजून सुरू नाही.

१ मेच्या ग्रामसभेआधी पुन्हा घरोघर जायचंय. उन्हाळ्यात अंगणवाडीच्या पत्र्याखाली दुपारी दोनला बसवत नाही.