अजून नाही भिजली

एकादशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे साबुदाणा भिजत पडतो. परवा ही तो धुवायला घेत होती, तेवढ्यात अडीच वर्षांची नात पायात घुटमळायला लागली. हिने मूठभर कोरडा साबुदाणा परातीत टाकून परात तिच्यापुढे सरकवली. सूनबाई लगेच म्हणाली, "आई, नाकात घालेल हं ती!" मग पहाऱ्यावर माझी नेमणूक झाली.

वरून सोडला की साबुदाणा परातीत तडतड वाजतो, हे इतकी वर्षं खिचडी खाऊनही मला ठाऊक नव्हतं. पोरीने ते वीसेक वेळा ऐकवलं. मग एकच दाणा चिमटीत धरायला गेली. निसटला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा जीभ बाहेर काढून, श्वास रोखून पकडला आणि माझ्या तळहातावर आणून ठेवला. "कडक," म्हणाली.

सकाळी पातेल्यावरचं झाकण निघालं तेव्हा बाईसाहेब हजर. दाणे टपोरे फुगलेले, पाणी गायब. तिने एक दाबला, तो चपटा होऊन बोटालाच चिकटला. बोटाकडे पाहिलं, पातेल्यात पाहिलं. "आजी, मऊ!" आवाजात थोडी तक्रारच होती. कालचे कडक दाणे कुणी पळवले?

"रात्रभर पाणी प्यायले ना ते," एवढंच हिने सांगितलं. ही निवृत्त बालवाडी शिक्षिका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तिची दैवतं. त्यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, महागडी साधनं आणण्याऐवजी शंख-शिंपले, बिया, दगड, पानंच मुलांच्या हाती दिली, हे मी माहेरच्या कौतुकाइतक्या वेळा ऐकलंय. दरवेळी मान डोलावली. परातीशी बसलो तेव्हा कुठे नीट कळलं.

त्या दिवसापासून घरात भिजवण्याची साथ आली आहे. फुलपात्रात बटण, पोळीचा तुकडा, पेन्सिल, माझा एक मोजा. सकाळी रीतसर दाबून तपासणी. पोळी पास, बटण नापास. मोज्याचा निकाल राखून ठेवलाय.

काल जाग आली तर ती बेसिनपाशी स्टुलावर उभी. माझी कवळी रात्री वाटीत, पाण्यात असते. ती बाहेर काढून दोन्ही अंगठ्यांनी दाबणं चाललं होतं. मी बोळक्या तोंडाने ओरडेपर्यंत तिने ती अलगद परत पाण्यात सोडली आणि माझी समजूत घातली, "आजोबा, अजून नाही भिजली."