तुम्ही विचारलंत म्हणून: तोतरेपणा प्रार्थनेनं गेला का?

नाही गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण रविवारी उपासना संपली की चहाच्या वेळी कोणी ना कोणी, बहुतेक वेळा एखादी आई, मला बाजूला घेऊन विचारतेच, ताई तुम्ही एवढं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचता, आधी म्हणे तुम्हाला दोन वाक्यं धड बोलता यायची नाहीत, मग प्रार्थनेनं गेलं का ते? आणि मी हो म्हणावं अशी तिची इतकी इच्छा असते की नाही म्हणताना माझाच जीव खालीवर होतो. पण मी आजही चाचरते. फोनवर जास्त, सासरच्या मंडळींसमोर जास्त आणि दमलेली असले तर विचारूच नका. गेलं ते दुसरंच काहीतरी, पण ते चहाच्या कपात मावत नाही म्हणून लिहितेय.

आमचं घर नगरचं, ख्रिस्ती होऊन पिढ्या झाल्या तरी उपाय सगळे गावातलेच. आजीनं वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं, अक्कलकारा लावला, शेजारच्या काकूंनी छातीठोक सांगितलं की हिनं कोणाची तरी नक्कल केली असणार म्हणून हे लागलं. नंतर कोणीतरी एका आरोग्यसभेला घेऊन गेलं. तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, स्टेजवर नाव सांग म्हणाले, माझं नाव निघेना, तर माइक हळूच बाजूला सरकला आणि नंतर आईला ऐकवलं गेलं की घरात विश्वास कमी पडतोय. आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. त्या वाक्याचा राग मला अजून आहे आणि तो सोडायची मला घाईही नाही. प्रार्थनेनं कोणी बरं होत नाही असं मी म्हणत नाहीये, पण बरं न होणाऱ्याच्या माथी त्याच्याच विश्वासाचं माप मारणं हे मला शुभवर्तमानात कुठे सापडलेलं नाही.

खूप वर्षांनी स्पीच थेरपिस्टकडे गेले तेव्हा कळलं की हे नकलेनं होत नाही, घाबरल्यानंही होत नाही, घाबरल्यावर वाढतं एवढंच. मेंदू बोलण्याची जुळवाजुळव कशी करतो त्यातला तो फरक आहे, बऱ्याचदा घराण्यात असतो, साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसायला लागतो आणि बहुतेक मुलांचा आपोआप जातो. मोठ्या माणसांत शंभरात एखाद्याला राहतो, त्यातही पुरुष जास्त, बायकांच्या जवळपास चौपट. म्हणजे मी तशी दुर्मिळ केस.

पण तोतरेपणा म्हणजे फक्त अडखळणं नाही, तो दिसतो त्यापेक्षा लपवलेलाच जास्त असतो. मला म वर अडकायला होतं. एसटीत माळीवाडा म्हणता येत नसे म्हणून स्टँड म्हणायचं, मावशीला फोन करायचा तर बहिणीला लावायला सांगायचं. बोलायच्या आधी अख्खं वाक्य मनात वाचून कुठे खड्डा आहे ते बघायचं आणि शब्द बदलायचा, हे दिवसभर, आणि समोरच्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. फक्त स्वतःचं नाव बदलता येत नाही. पाहायला आलेल्या लोकांचा पहिला प्रश्न काय असतो सांगा बरं? तोच. एका घरच्यांनी तर पोह्यांची बशी अर्धी ठेवून आईला विचारलं, मुलगी ऐकू येणारी आहे ना.

हे ऐकलं की लोकांना वाईट वाटतं आणि तिथेच माझी खरी गोष्ट सुरू होते. लोकांना वाईट वाटतं याचा फायदाही होतो. मला घरात कोणी बाजारात पाठवत नसे. ऑफिसात क्लायंटशी बोलायचं काम आलं की साहेब स्वतःच म्हणायचे राहू दे. संडे स्कूलला शिक्षक हवेत, आजारी बाईला भेटायला कोण जाणार, कोणाच्या घरी कॉटेज मिटिंग असली तर प्रार्थना कोण करेल, माझ्याकडे कोणी बघायचंच नाही, आणि कोणी बघितलंच तर मी घशाकडे नुसता हात न्यायचे. प्रमोशनच्या वेळी प्रेझेंटेशन द्यावं लागणार होतं तेव्हाही मी तसंच नको म्हणाले. पण खरं सांगायचं तर त्या आजारी बाईकडे मला जायचंच नव्हतं, ती फार कटकट करायची. तोतरी नसते तरी गेले नसते, दुसरं काहीतरी शोधलं असतं.

सबब म्हणजे खोटं कारण असं आपण धरून चालतो. माझी सबब शंभर टक्के खरी होती, डॉक्टरचा कागद आणता आला असता इतकी खरी, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. खोटी सबब कधीतरी उघडी पडते, खरीला कोण हात लावणार?

तिला हात लावला आमच्या महिला मंडळातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, मिशन हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या नर्स, बोलायला फटकळ. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा अभ्यास चालू होता, तिसरा आणि चौथा अध्याय, होरेब डोंगर, जळतं झुडूप आणि देव मोशेला मिसरच्या फारो राजाकडे जा म्हणतोय तो भाग. मोशेची जीभ जड होती हे मला लहानपणापासून माहीत, शास्त्रातला तो आपला माणूस म्हणून मी त्याला धरून ठेवलेलं. बाई म्हणाल्या, मोशेनं किती वेळा टाळलं ते मोजा. आम्ही मोजलं. मी कोण जाणारा, ही पहिली सबब. तुझं नाव काय म्हणून सांगू, ही दुसरी. ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, तिसरी. मी जड जिभेचा, चौथी. आणि देव एकेकाला उत्तर देतो, चिडत नाही, जिभेच्या बाबतीत तर म्हणतो तोंड दिलं कोणी, जा, मी तुझ्या मुखासोबत राहीन. मग पाचवी काय, बाईंनी विचारलं. आम्ही पानं बघतोय. पाचवीत कारणच नाहीये. कारणं संपली. तो नुसतं म्हणतो, दुसऱ्या कोणालातरी पाठव ना. आणि देवाचा राग भडकला असं लिहिलंय ते बरोब्बर इथे, जिभेवर नाही.

बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. चष्मा पुसत होत्या. मला मात्र घाम फुटला कारण माझ्या चौथीच्या मागे कायम पाचवी उभी होती आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट मग रात्री पडल्यापडल्या डोक्यात आली. रागावूनही देवानं अहरोनाला सोबत दिलं. मोशे तेव्हा ८० वर्षांचा, अहरोन ८३, म्हणजे दोन म्हातारे भाऊ निघाले राजाशी भांडायला. जीभ बरी केल्याचा कुठे उल्लेख नाही. नव्या करारातल्या प्रेषित पौलाचंही तसंच, शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं तीनदा विनवलं आणि उत्तर मिळालं ते कृपा पुरेशी आहे असं, काटा राहिलाच. त्याच पौलाबद्दल करिंथमध्ये लोक म्हणत की पत्रं वजनदार पण बोलणं अगदीच टाकाऊ. हे माझ्या आरोग्यसभेवाल्यांनी वाचलं नसावं.

म्हणून मी पाळकांना सांगितलं की मला शास्त्रपाठ वाचायचाय. ते गोंधळलेच. थेरपी तोवर चालू केली होती, श्वास सोडत शब्दाला हळू सुरुवात करायची, अडकलं तर जोर न लावता थांबायचं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लपवायचं नाही. तर उभी राहिले आणि आधीच सांगितलं, मी चाचरते, वेळ लागेल, शब्द कोणी पुरवू नका. गंमत बघा, एरवी मी शब्द बदलून सुटते पण शास्त्र वाचताना शब्द बदलता येत नाही! जे छापलंय तेच म्हणावं लागतं. नबुखद्नेस्सर हे बाबेलच्या राजाचं लांबलचक नाव सरळ निघून गेलं आणि "मग" वर अशी अडकले की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मागच्या बाकावरच्या एका काकांनी सांगूनसुद्धा "मग, मग" असं पुरवलंच. दोन पोरं हसली. मग निघाला शब्द आणि पुढचं वाचलं. आभाळ काही कोसळलं नाही.

आता एक तुमच्या मुलांसाठी. गाताना तोतरं माणूस जवळजवळ अडखळत नाही आणि सगळ्यांनी मिळून एका सुरात म्हटलं तरीही नाही. लहानपणी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सगळ्यांबरोबर म्हणताना माझी जीभ सुटायची, नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर चालू झाली की मी सगळ्यात मोठ्यानं, आणि मला वाटायचं हा फक्त देवळातला चमत्कार. थेरपिस्ट म्हणाली तसं काही नाही, सिनेमाचं गाणं म्हणा, पाढे कोरसमध्ये म्हणा, सगळीकडे हेच होतं, बाहेरून ताल आणि सोबत मिळाली की मेंदूला सोपं जातं. हे कळल्यावर माझा विश्वास डळमळला का असंही एकानं विचारलं होतं. नाही हो. एकटीला जमत नाही ते मंडळीत जमतं हे कोणत्याही कारणानं असो, मला चालतं.

तर ज्या आया मला गाठतात त्यांना माझं एवढंच सांगणं असतं: प्रार्थना जरूर करा पण थेरपिस्टकडेही न्या, मुंबईकडच्यांना वांद्र्याला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, ती सरकारी आहे आणि बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच आहे. सावकाश बोल, श्वास घे असं सारखं म्हणू नका, त्याचं वाक्य त्याला संपवू द्या आणि तोवर त्याच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघा. बरं होईल का हे मला विचारू नका.

परवा एकीनं सांगितलं की ख्रिसमसच्या नाटकात मुलाला मेंढपाळ केलाय, त्याला डायलॉग नसतो, बरं झालं ना? मी विचारलं, त्याला विचारलंत का? ती म्हणाली, त्याला काय विचारायचं. मग मीच गेले विचारायला. त्याला हेरोद राजा व्हायचंय.