संतापाची सुट्टी

महाराष्ट्रात राहून राजकारणावर न चिडणं सोपं नाही. 2019 च्या 23 नोव्हेंबरला लोकांचा सकाळचा चहा व्हायच्या आत राजभवनात शपथविधी उरकला होता. 2022 च्या जूनमध्ये आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला पोचले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ शाळकरी पोरांच्याही तोंडी झालं. पुढच्या वर्षी जुलैत दुसरा पक्ष फुटला. एवढं घडत असताना टीव्हीसमोरून उठायचं कसं? चौकोनात बसवलेली सहा-सात माणसं एकाच वेळी ओरडायची, आणि सोफ्यावरून मी. माझं त्यांना ऐकू जात नसे, पण त्यांचं तरी एकमेकांना कुठे जात होतं!

एका रात्री भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं आणि चर्चेच्या नादात मी मुकाट्याने अख्खं जेवण उरकलं. बायकोला हे फार लागलं. रात्रीच्या चर्चा तेव्हापासून बंद.

आता सकाळी आकाशवाणीच्या सात पाचच्या बातम्या ऐकतो. सरकार पडो की मॉन्सून केरळात येवो, निवेदिकेचा आवाज तोच. नंतर पेपर, तोही स्थानिक पानापासून सुरू करतो. सोसायटीतल्या काकांना हे अजिबात पसंत नाही. “तुमच्यासारखे शिकलेले लोक कानात बोळे घालून बसतात, म्हणूनच यांचं फावतं,” असं ते लिफ्टमध्ये भेटले की ऐकवतात. मी त्यांना एकदा विचारलं, आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण? काका थबकले. प्रश्न जरा खोडसाळच होता, कारण नगरसेवक कुणीच नव्हता.

पुण्यात आम्ही महापालिकेसाठी मत दिलं ते 2017 च्या फेब्रुवारीत. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, असं करत जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य चाललं. गल्लीतलं चेंबर तुंबलं की फोन करायचा माजी नगरसेवकाला, आणि तो सांगणार, “मी आता माजी आहे हो.” गुवाहाटीच्या हॉटेलात नाश्त्याला काय होतं यावर तावातावाने बोलणाऱ्या आम्हा मंडळींचं मतच इतकी वर्षं अडकून पडलं होतं, आणि त्यावर रात्री नऊ वाजता कुणी टेबल बडवल्याचं मला तरी आठवत नाही.

मत मात्र मी सोडत नाही. घर बदललं तेव्हा फॉर्म 8 भरला. निवडणूक आली की यादीत नाव आहे ना, हे आधी बघून ठेवतो. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीआधी, मुख्यत्वे उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी नाव विचारल्यावर ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं, म्हणून जवळपास 28 लाख नावं यादीतून गळली. हे वाचल्यापासून यादीतल्या त्या बारीक छपाईकडे मी जरा आदराने बघतो.

अखेर 2026 च्या 15 जानेवारीला मुहूर्त लागला. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे एका माणसाची चार मतं. प्रचाराला दारात आलेल्या प्रत्येकाला मी चेंबरचं विचारलं. बहुतेकांनी हात जोडून पत्रक पुढे केलं. एकीने मात्र “कुठलं, दाखवा” म्हणत थेट गल्लीत येऊन झाकण पाहिलं. तिच्यासाठी कुठलं बटण दाबायचं हे ठरायला वेळ लागला नाही. उरलेल्या तिघांसाठी पत्रकं चाळली, शेजाऱ्यांना विचारलं आणि जमेल तसं ठरवलं.

रांगेत काका पुढेच होते. “काल रात्री बघितलंत ना, काय बोलला तो?” मी विचारलं, “कोण?” रांग लांब होती, त्यामुळे त्यांना सगळं सविस्तर सांगता आलं. खुशीत होते.

निकालाच्या दिवशी मी टीव्ही लावला. सगळ्या वाहिन्या मुंबईच्या महापौरपदावर भांडत होत्या. आमच्या प्रभागाचं काय झालं ते शेवटी लेकीने मोबाईलवर शोधून सांगितलं. चारांतले दोन माझे आले. चेंबरसाठी फोन मात्र चौघांनाही जाणार आहे.