दादा म्हणाला, बरं झालं

बुधवार, रात्र

आज जेवताना छोट्याने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. संगणकाने तयार केलेलं एक चित्र होतं. टुपाक, पंचविसाव्या वर्षी गेलेला तो अमेरिकन रॅपर, चित्रात पन्नाशी ओलांडलेला. दाढीत पांढरे केस, कपाळावर गाठ मारलेला तोच रुमाल, नाकात चमकी, डोळ्यांखाली सुटलेली कातडी. "आत्या, जगला असता तर असा दिसला असता," छोट्या म्हणाला. दादाने वाकून बघितलं. "बरं झालं वेळेवर गेला," म्हणाला आणि वहिनीकडे आमटी मागितली.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. वहिनीने आमटी वाढली, माईने मीठ मागितलं. मी मात्र तेव्हापासून त्या वाक्यापाशीच आहे. ओटा पुसताना तेच, कपड्यांच्या घड्या घालताना तेच. आता सगळे झोपलेत म्हणून वही काढली.

दुसरं कुणी म्हणालं असतं तर सोडून दिलं असतं. पण या घरात टुपाक आणला तोच दादाने. कुणाकडून तरी भरून आणलेल्या कॅसेटी, दार लोटून ऐकायच्या, आवाज बारीक. मला तेव्हा एक शब्द धड कळत नसे. दादा कॅसेट थांबवायचा, मागे घ्यायचा, ओळ वहीत उतरवायचा, मग मला समजावायचा. 1996 च्या सप्टेंबरात त्याला गोळ्या घालून मारल्याची बातमी आली तेव्हा तो किती दिवस कुणाशी बोलला नव्हता, ते माईला अजून आठवतं. तोच माणूस आज म्हणतो, बरं झालं.

अण्णांनी ती कॅसेट कधी बंद करायला लावली नाही. पोरगा पँथरच्या पोटचा आहे, म्हणायचे. टुपाकची आई अफेनी शकूर न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथरांमधली, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन संघटनेतली. 1969 मध्ये एकवीस जणांवर बॉम्बकटाचा खटला भरला, त्यात ती. पोटात मूल असताना तिने कोर्टात स्वतःची बाजू स्वतः लढवली. मे 1971 मध्ये ती निर्दोष सुटली आणि 16 जूनला हा जन्मला. पुढे त्याचं नाव ठेवलं ते पेरूमधल्या स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या, 1781 मध्ये मारल्या गेलेल्या बंडखोराचं. 1972 मध्ये इकडे मुंबईत त्याच पँथरांकडे बघून दलित पँथर उभी राहिली, आणि अण्णा त्यात... ते आज नको. ते लिहायला घेतलं की रात्र पुरत नाही.

मला वाईट वाटतं ते याचं, की या घरात जुनं सांभाळायचं काम माझ्याच वाट्याला आलंय. अण्णांची पत्रकं माझ्या कपाटात, दादाच्या कॅसेटी माझ्या कपाटात, ती वहीसुद्धा. ज्याची आहे त्याला विचारलं तर म्हणेल, टाकून दे. सगळे पुढे गेले आणि मी एकटी राखणीला बसले आहे, असं आज फार वाटलं. ओटा पुसता पुसता रडूही आलं थोडं.

कुणाला सांगितलं नाही कधी, पण टुपाक जगला अशी गोष्ट मी मनात वर्षानुवर्षं रचत आले आहे. तो क्युबात लपलाय, असल्या अफवा नव्हेत. माझी गोष्ट साधी आहे. 7 सप्टेंबर 1996, लास व्हेगास, टायसन विरुद्ध ब्रूस सेल्डन, मुष्टियुद्धाची लढत, टुपाक ती बघायला आलेला. टायसनने पहिल्याच फेरीत, 109 सेकंदांत, ती लढत संपवली. माझ्या गोष्टीत सेल्डन चार फेऱ्या टिकतो. लोक उशिरा बाहेर पडतात. एमजीएम ग्रँड हॉटेलच्या लॉबीत विरुद्ध टोळीतला ओरलँडो अँडरसन तेवढ्यात निघून गेलेला असतो, त्यामुळे टुपाक आणि त्याची माणसं त्याच्यावर तुटून पडत नाहीत. फ्लेमिंगो रोड आणि कोव्हाल लेनच्या सिग्नलला टुपाकला घेऊन चाललेली, त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाची, शुग नाइटची, काळी बीएमडब्ल्यू थांबते, शेजारी गोळ्या झाडणारी पांढरी कॅडिलॅक येत नाही, सिग्नल सुटतो आणि ते क्लबकडे निघून जातात. पुढे तो तिशीत येतो, चाळिशीत येतो, सिनेमे करतो, बाल्टिमोरच्या कलाशाळेत शिकलेला शेक्सपियर कधीतरी पुन्हा काढतो.

या गोष्टीत तो म्हातारा होत नाही, हे मला आज ते चित्र बघेपर्यंत कळलं नव्हतं. चाळिशीतही माझ्या डोळ्यांपुढे तो पंचवीसचाच उभा असतो.

आणि दुसरं म्हणजे, तो जगला असता तर काय, याचं थोडंसं उत्तर आपल्याकडे आहेच. 30 नोव्हेंबर 1994. मॅनहॅटनमधल्या क्वाड स्टुडिओच्या लॉबीत त्याला लुटलं, गोळ्या घातल्या, पाच लागल्या आणि तो वाचला. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर नको म्हणत असताना बेलव्ह्यू रुग्णालयातून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधून, चाकांच्या खुर्चीत बसून स्वतःवरच्या खटल्यासाठी कोर्टात आला. माई म्हणते तसं जिवावरचं शेपटावर निभावलं. तिथून पुढे काय झालं? त्या रात्री स्टुडिओत वर न्यूयॉर्कचा रॅपर बिगी होता, त्याचा निर्माता पफी होता. त्यांना आधी ठाऊक होतं, हा संशय त्याच्या डोक्यात बसला. सिद्ध काहीच झालं नाही, पण खटल्यात शिक्षा झाली आणि संशय तुरुंगात वाढत गेला. ऑक्टोबर 1995 मध्ये 14 लाख डॉलरच्या जामिनावर सुटला तो शुग नाइटच्या मदतीने, डेथ रो कंपनीसाठी गाण्याच्या बोलीवर. बाहेर येऊन त्याने दोन डिस्कचा तो प्रचंड अल्बम केला, पैसा आला आणि बिगीशी उघड वैर सुरू झालं. मृत्यूच्या दारातून परतल्यावर त्याला दोन वर्षंही मिळाली नाहीत आणि ती त्याने अशी काढली. कोण शेजारी होतं त्यावर गेलं सगळं.

म्हणजे सप्टेंबरातही वाचला असता तर? मी आज पहिल्यांदा नीट विचार केला. व्हेगासच्या रुग्णालयात त्याचं उजवं फुप्फुस काढलं होतं. एका फुप्फुसावर तो माणूस कसा गाणार होता? त्याची सगळी ताकद दमात होती. ओळ संपत आली की तो तिला आणखी ढकलायचा, श्वास घ्यायचं टाळायचा. तो आवाज परत आलाच नसता. शिवाय बरं होऊन उठला की तुरुंग समोर होता. तो अपिलावर जामिनावर होता आणि लॉबीतली मारामारी कॅमेऱ्यात होती. त्याच मारामारीमुळे शुग नाइटची परिवीक्षा, म्हणजे अटींवरची सुटका, मोडली असं धरून 1997 मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. टुपाकला कोण सोडणार होतं?

आणि त्या खटल्यातली ती मुलगी. मी माझ्या गोष्टीत तिला कधी आणलंच नाही. नोव्हेंबर 1993, न्यूयॉर्कमधलं हॉटेल. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. ज्यूरीने गंभीर आरोपांतून त्याला सोडलं, पण लैंगिक अत्याचारासाठी दोषी ठरवलं. दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. आपण बलात्कार केला नाही असं तो सांगत राहिला. त्याच 1993 मध्ये त्याने बायकांच्या बाजूने ते गाणं केलं होतं, लताशा हार्लिन्सला वाहिलेलं. लताशा पंधरा वर्षांची, लॉस एंजेलिसच्या एका दुकानात संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून 1991 मध्ये गोळी घालून मारलेली. ते गाणं ऐकून मी या खोलीत ताठ बसायला शिकले, हे खरं आहे. आणि हॉटेलातली ती रात्रही खरी आहे. तो मेल्यावर सगळं जग त्याच्यासाठी रडलं, ती मात्र जिवंत राहिली आणि तिला ते बघावं लागलं. पन्नाशीतल्या टुपाकला जगवायचं तर त्याला तिच्याबद्दल कधीतरी, गाण्याबाहेर, सरळ विचारलंच गेलं असतं. तो काय म्हणाला असता? चांगलं बोलला असता अशी मला आशा वाटते, पण खात्री वाटत नाही आणि माझ्याने त्याच्या तोंडी उत्तर घालवत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबले होते. पाणी पिऊन आले. दादाच्या खोलीत दिवा होता.

दादाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला हेच खूप. पुढचं कुणी सांगितलं नाही. घाट, ती रात्र, ते महिने, ते सगळं घरात सगळ्यांना माहीत आहे. मला आज जे दिसलं ते वेगळंच. दादा समोर बसलेला असताना आम्ही आधीच्या दादाच्या आठवणी काढतो. दादा कसा बोलायचा, कसा नाचायचा, वहीत कसं सुंदर अक्षर काढायचा. माई काढते, मी काढते, पाहुणे आले की हमखास निघतं. त्याच्या तोंडावर. तो ऐकतो आणि आमटी मागतो. आम्ही त्याला किती वेळा सांगितलं असेल की तू होतास तो आम्हाला जास्त आवडायचा. इतक्या शब्दांत कधी नाही, पण रोजच. मग पिकल्या दाढीचा टुपाक बघून त्याला काय वाटलं असेल? जगलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

हे कळल्यावर राग गेला. रडू आलं होतं तेही आता खोटं वाटत नाही, फक्त एवढंसं वाटतं. कॅसेटी माझ्याकडे आहेत तर असू देत. राखणीला मी बसले ते कुणी बसवलं म्हणून नाही, मला त्या आवडतात म्हणून. उद्या दादाशी बोलताना जुना विषय काढायचा नाही. सध्या काय ऐकतोस, एवढं विचारेन. काही ऐकत असेल असं वाटतं, कानात ते यंत्र घालून बसलेला असतो रात्री.

माझी गोष्टही आता दुरुस्त करायला हवी. सेल्डन चार फेऱ्या टिकू दे, ते तसंच. पण मग वाचवायचं ते एकट्या टुपाकला का? सहा महिन्यांनी, 9 मार्च 1997 ला, लॉस एंजेलिसमध्ये बिगीला गाडीतच गोळ्या घातल्या. तो चोवीस वर्षांचा. लॉबीत मार खाल्लेला ओरलँडो अँडरसन 1998 मध्ये कॉम्प्टनमध्ये दुसऱ्याच भांडणात मारला गेला, तो तेवीस. टुपाकला आपण मारलं नाही असं तो सांगत होता. 27 वर्षांनी, 2023 मध्ये, त्याच्या मामाला व्हेगासच्या पोलिसांनी त्या खुनासाठी पकडलं, त्यानेही आरोप नाकारला. पंचवीस, चोवीस, तेवीस. सगळ्यांच्या आया मागे राहिल्या. अफेनीने मुलाची न आलेली गाणी स्वतः बाहेर आणली, जॉर्जियात त्याच्या नावाने मुलांसाठी कलाकेंद्र काढलं आणि 2016 मध्ये गेली.

माझ्या गोष्टीत तिघंही म्हातारे होतील. टुपाकचा दम कमी असेल, बिगीचे गुडघे धरलेले असतील, अँडरसन कॉम्प्टनमध्ये कुठेतरी नातवंडाला शाळेत सोडायला जात असेल आणि त्याचं नाव जगात कुणाला माहीत नसेल. टुपाक आणि बिगी अजूनही एकमेकांवर चिडून गाणी करत असतील, वाईट गाणीसुद्धा, आणि छोट्या ती ऐकून म्हणेल, आत्या, हे म्हातारे काय लावलंय.